टॅकल शिकवताना डोकं कुठे ठेवायचं?

आज आपण अमेरिकन फुटबॉलमधल्या एकाच कौशल्याबद्दल बोलणार आहोत. ते म्हणजे टॅकल, चेंडू घेऊन पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला धरून जमिनीवर पाडणं. आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ टीव्हीवर किंवा मोबाइलवरच्या क्लिपमध्ये पाहिला असेल. त्यात काय दिसतं? धाडकन टक्कर, हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा. त्यामुळे अंगात जोर असला की टॅकल आपोआप जमते, असा समज होतो. तसं नाहीये. टॅकल शिकवावी लागते, आणि ती चुकीची शिकवली तर बहुतेक वेळा मान मोडते ती टॅकल करणाऱ्याचीच.

हे कसं होतं, ते आधी समजून घेऊ. आपल्या मानेत ७ मणके असतात. आपण सरळ समोर बघत असतो तेव्हा त्यांना एक हलका बाक असतो. धक्का आला की हा बाक आणि मानेचे स्नायू मिळून तो झेलतात. आता हनुवटी साधारण ३० अंश खाली, छातीकडे आणा. बाक नाहीसा होतो आणि मणके खांबासारखे एकावर एक सरळ उभे राहतात. अशा वेळी डोक्याचा माथा समोरच्यावर आदळला तर डोकं थांबतं, पण मागून वेगात येणारं धड थांबत नाही. दोन्हींच्या मध्ये मान सापडते. मणका फुटतो किंवा सरकतो, आतल्या मज्जारज्जूला इजा होते आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. हेल्मेट कवटीला सांभाळतं. मानेच्या बाबतीत त्याचा काही उपयोग होत नाही.

उलट हेल्मेटमुळे एक वाईट सवय लागली. सुरुवातीला खेळाडू चामड्याच्या टोप्या घालायचे. १९३९ मध्ये प्लास्टिकचं हेल्मेट आलं, पुढे १९५०च्या दशकात चेहऱ्यासमोरची जाळी रूढ झाली. नाक-दात फुटायची भीती गेली, तसं डोकंच हत्यार म्हणून वापरलं जाऊ लागलं. समोरच्याच्या छातीवरच्या आकड्यात थेट तोंड घाल, असं प्रशिक्षकच शिकवायचे. १९६८ या एका वर्षात मैदानावरच्या थेट दुखापतींनी ३६ खेळाडू गेले. त्यात बहुतेक शाळकरी मुलं होती.

फिलाडेल्फियाचे डॉक्टर जोसेफ टॉर्ग यांनी १९७५ पासून देशभरातल्या डोक्याच्या आणि मानेच्या दुखापतींची नोंद ठेवायला सुरुवात केली. सामन्यांच्या फिल्म तपासल्या, तेव्हा माथा पुढे करून दिलेली धडक हेच कारण पुन्हा पुन्हा समोर आलं. १९७६ मध्ये शाळा आणि कॉलेजच्या खेळात डोक्याने पहिली धडक द्यायला बंदी झाली. त्या वर्षी हातपाय कायमचे लुळे पडण्याच्या ३४ घटना नोंदल्या होत्या. १९८४ मध्ये ही संख्या ५ वर आली. आता बघा, मान वाचवणारं कुठलं नवं साधन या ८ वर्षांत आलेलं नव्हतं. बदलला तो नियम, आणि त्याबरोबर शिकवण्याची पद्धत.

पण प्रश्न संपला असं मात्र नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठाचा एरिक लग्रँड टॅकल करताना डोकं खाली गेल्यामुळे मानेपासून खाली लुळा पडला. डिसेंबर २०१७ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सच्या रायन शेझियरचंही असंच झालं. तो पुढे चालू लागला, पण खेळ सुटला. दोघेही कसलेले खेळाडू होते. २०१८ पासून व्यावसायिक लीगमध्येही डोकं खाली घालून धडक देणं हा फाउल ठरला.

मग नुसतं ‘डोकं वर ठेव’ असं ओरडून भागत का नाही? कारण टक्कर येतेय हे दिसलं की डोळे मिटणं आणि मान आत घेणं ही शरीराची उपजत सवय आहे. कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच पटेल. नवखा बचावपटू मान खाली घालून घोट्याला हात घालतो आणि चढाईवाल्याचा गुडघा तोंडावर खातो. तेव्हा ‘काय करू नको’ एवढं सांगून थांबता येत नाही. पाय कुठे, खांदा कुठे, डोळे कुठे, हे क्रमाने शिकवावं लागतं.

सुरुवात पायांपासून होते. पळणाऱ्याच्या जवळ जाताना शेवटची काही पावलं छोटी टाकायची, म्हणजे तो वळला तरी आपला तोल जात नाही. लांबून झेप घेतली की शरीर आडवं होतं आणि डोकं आपोआप पुढे जातं. दुसरी गोष्ट उंची. खाली जायचं ते गुडघे आणि कंबर वाकवून, पाठ सपाट ठेवून. पाठीला पोक काढून खाली गेलात की मान झुकलीच म्हणून समजा. तिसरी गोष्ट नजर. डोळे उघडे, रोखलेले पळणाऱ्याच्या कमरेवर किंवा मांडीवर. खांद्याने, डोक्याने हुलकावणी देता येते, पण कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. चौथी गोष्ट प्रत्यक्ष स्पर्श. तो खांद्याने करायचा, आणि ज्या बाजूचा खांदा लावणार त्याच बाजूचा पाय पुढे हवा. मग दोन्ही हातांनी मांड्यांना मिठी मारायची, घट्ट आवळायची आणि पाय चालते ठेवायचे.

आता शीर्षकातला प्रश्न. खांदा लावताना डोकं पळणाऱ्याच्या पुढून न्यायचं की मागून? जुनी शिकवण पुढून न्यायची होती. पळणाऱ्याच्या वाटेत डोकं आडवं घातलं की तो निसटत नाही, हा त्यामागचा विचार. पण मग त्याचा गुडघा किंवा मांडी आपल्या डोक्यावरच आदळते. रग्बीत हेल्मेट नसतं, त्यामुळे तिथे डोकं मागच्या बाजूला, शरीराला चिकटून ठेवायला शिकवतात. २०१४ मध्ये सिअॅटल सीहॉक्सचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी रग्बीच्या धर्तीवरची ही पद्धत व्हिडिओतून सगळ्यांसाठी खुली केली. त्याच वर्षी त्यांच्या संघाने बचावाच्या जोरावर सुपर बोल जिंकला होता, त्यामुळे ‘ही मवाळ पद्धत आहे’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

सराव कसा घ्यायचा? अमेरिकेत मुलांसाठी पाच पायऱ्या सांगतात. आधी समोर कुणी नसताना नुसती हालचाल, मग फोमच्या पिशवीवर, मग साथीदारावर ठरवलेल्या वेगाने, मग पूर्ण वेगाने पण न पाडता, आणि शेवटी खरीखुरी टॅकल. बहुतेक वेळ पहिल्या तीन पायऱ्यांवरच जायला हवा.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठात एक छान प्रयोग झाला. निम्म्या खेळाडूंकडून हेल्मेट काढून टॅकलचे छोटे सराव करून घेतले. डोक्यावर कवच नाही म्हटल्यावर माणूस आपोआप डोकं जपतो. हंगामाअखेर या गटाच्या डोक्याला बसणारे धक्के दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २८ टक्के कमी होते. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी तर २०१० पासून सरावात एकमेकांना पाडणंच बंद केलं. खेळाडू पिशव्यांवर सराव करायचे, पुढे विद्यार्थ्यांनीच बनवलेल्या, रिमोटवर पळणाऱ्या पुतळ्यावर. त्या संघाने २०१५ मध्ये आयव्ही लीगच्या विजेतेपदात वाटा मिळवला, आणि पुढच्याच वर्षी लीगमधल्या सगळ्या प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावात टॅकल बंद करायला एकमताने मान्यता दिली.

श्रोत्यांमधून प्रश्न आलाय: एवढं नीट शिकवलं तर मुलांसाठी हा खेळ सुरक्षित होतो का? खरं सांगायचं तर पूर्णपणे नाही. चांगल्या तंत्राने मानेचा धोका खूप कमी होतो, हे आकडे सांगतात. पण मेंदूचं तसं नाही. वर्षानुवर्षं बसणारे छोटे छोटे धक्के साठत जातात, आणि डोकं कुठेही न आपटता नुसतं जोरात हिंदकळलं तरी मेंदूला मार बसतो. म्हणून तंत्र हवंच, आणि त्याबरोबर धक्क्यांची संख्याही कमी हवी. आपलं मूल परदेशात हा खेळ खेळणार असेल, तर प्रशिक्षकाला दोन गोष्टी जरूर विचारा: आठवड्यातून किती वेळा खरी टॅकल करून घेता, आणि टॅकल करताना डोकं कुठे ठेवायला शिकवता? उत्तर नीट मिळालं नाही, तर दुसरा संघ शोधा.