०.३७५ म्हणजे तीन सूत

वर्कशॉपमधल्या फिटर काकांना "झिरो पॉइंट थ्री सेव्हन फाइव्ह इंच" म्हटलं, की ते आधी आपल्या तोंडाकडे पाहतात आणि मग विचारतात, "म्हंजे तीन सूत ना?" अगदी बरोबर! एक सूत म्हणजे १/८ इंच, आणि ०.३७५ म्हणजे ३/८. कॅल्क्युलेटर दशांश दाखवतो, पण इंची स्पॅनरवर ३/८ असंच कोरलेलं असतं. म्हणून हे रूपांतर हातानं यायला हवं.

मित्रांनो, रीत सोपी आहे. दशांश चिन्हानंतर जितके अंक, तितकी शून्यं १ वर ठेवून ती संख्या छेदात लिहायची. ०.३७५ मध्ये तीन अंक, म्हणून ३७५/१०००. आता अंश आणि छेद दोघांनाही त्यांच्या मसाविनं भागायचं. मसावि काढायला मोठ्या संख्येला लहान संख्येनं भागा, जी बाकी उरेल तिनं आधीच्या भाजकाला भागा, बाकी शून्य होईपर्यंत. १००० ला ३७५ नं भागलं, बाकी २५०. ३७५ ला २५० नं, बाकी १२५. २५० ला १२५ नं, बाकी शून्य. मसावि १२५, उत्तर ३/८. झालं!

एक शॉर्टकटही आहे. छेदात १०, १००, १००० असंच काहीतरी असतं आणि त्यांचे मूळ अवयव फक्त २ आणि ५. त्यामुळे ३ नं भाग जातो का, ७ नं जातो का, हे बघायचं कामच नाही. अंश विषम असेल आणि त्याच्या शेवटी ५ नसेल, तर तो अपूर्णांक आधीच अतिसंक्षिप्त रूपात आहे.

आम्ही कॉन्व्हेंटवाले 'वन पॉइंट सेव्हन फाइव्ह' म्हणतो. घरातली मोठी माणसं 'पावणेदोन' म्हणतात, आणि गंमत म्हणजे तीच उत्तराच्या जास्त जवळ असतात. दोनातून पाव गेला, म्हणजे ८/४ वजा १/४, म्हणजे ७/४. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ करून घेत. रुपयासुद्धा सोळा आण्यांचा होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणा झाला ०.०६२५ रुपया, म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आता सव्वासहा पैसे मोजून द्यायचे कसे? चार आण्यांचे मात्र बरोबर पंचवीस होत.

खरी डोकेदुखी पुढे आहे: ०.३३३... अंक संपतच नाहीत, मग शून्यं किती ठेवणार? समजा क्ष = ०.३३३..., तर १०क्ष = ३.३३३... वजाबाकी केली की शेपूट उडतं. ९क्ष = ३, क्ष = १/३. म्हणजे दशांश चिन्हालगतचे जितके अंक पुन्हा पुन्हा येतात, तितके ९ छेदात. ०.१४२८५७१४२८५७... चं होतं १४२८५७/९९९९९९, म्हणजे १/७. हीच १४२८५७ एक 'कापरेकर संख्या' आहे! देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या नावानं या संख्या ओळखल्या जातात. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करा आणि बेरीज करून बघा.

पण कॅल्क्युलेटरवर ०.३३ दिसलं म्हणून लगेच १/३ समजू नका. ०.३३ म्हणजे ३३/१००. फरक फक्त १/३००. एवढ्याशानं काय होतं? आमच्या नेरकडे विचारा! सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक हेक्टर कपाशीचं वावर तीन भावांत वाटलं आणि प्रत्येकाच्या नावे ०.३३ लिहिलं, तर बेरीज ०.९९. उरला एक आर, म्हणजे १०० चौरस मीटर, हजार चौरस फुटांहून जास्त. एवढ्यात घर बसते बाप्पा! मग धुरा सरकवायचा कोणाकडे? वाटणीच्या कागदावर हिस्सा १/३ असाच लिहावा आणि मापाचे आकडे त्याच्या पुढे. कारण ३३ आर ३३ चौरस मीटर असं बारकाईनं लिहिलं, तरी तिघांचे मिळून एक चौरस मीटर उरतोच.