ग्रंथ घ्यावा पारखून

जळगावच्या सराफ बाजारात कस लावल्यावाचून आपण सोन्याचे पैसे मोजीत नाही. भरताचे वांगेसुद्धा हातात घेऊन, उलटसुलट पाहून मगच पिशवीत टाकतो. मग ज्या ग्रंथावर जन्माचा विश्वास ठेवायचा, तो मात्र कोणी हातावर ठेवला म्हणून घरी आणावा, हे कसे? जळगाव-धुळ्याच्या ख्रिस्ती घरांत बायबल कोणते घ्यावे आणि ते समजण्यासाठी जोडीला काय असावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि ज्ञानेश्वरी किंवा दासबोध वाचणाऱ्या घरांनाही त्याचे उत्तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट भाषांतराची. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेतला, नवा करार ग्रीक भाषेतला. तो मराठीत आणण्याची खटपट दोनशे वर्षांहून अधिक जुनी. विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपुरास १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून सबंध बायबलाचे भाषांतर केले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने मराठी मात्र साधी वापरली, कारण कमी शिकलेल्या बाईलाही तो समजावा, हा त्यांचा कटाक्ष. आज अहिराणीतही नवा करार वाचायला मिळतो. घरातल्या आजीसाठी तो अवश्य पाहावा.

विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका उघडावी. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलात ७३. फरक सगळा जुन्या करारातला. नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हींकडे तीच.

एकावर न थांबता दोन भाषांतरे जवळ ठेवावीत. धुळेकरांना ही रीत शिकवायला नको. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आहे, आणि समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडे जपलेली आहेत. पाठ ताडून पाहावा, मग अर्थ लावावा, हाच त्या वास्तूंचा धडा.

हा धडा न पाळल्यास काय होते? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे वचन आहे. तेवढेच सुटे काढून घरच्या सुनेचे तोंड बंद करणारे भेटतात. पण त्याच पत्राचा ११ वा अध्याय उघडा. तेथे प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी मस्तक कसे ठेवावे, याचा विचार आहे! म्हणजे त्या बोलत होत्याच. टीकाग्रंथ हवा तो अशा वेळी. तो कोणी लिहिला, कोणत्या पंथाचा, केव्हाचा, आणि मूळ वचन व स्वतःचे मत वेगळे दाखवतो की नाही, एवढे चार प्रश्न त्याला विचारावेत. मोबाईलवर रोज सकाळी येणाऱ्या वचनांनाही हीच कसोटी. अध्याय काढावा, मागचेपुढचे वाचावे, मगच ते दुसऱ्याला पाठवावे.

अभ्यासाबरोबर रसही हवा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर कोणत्याही धर्माच्या घरात शोभावीत. धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेला, या टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला होता.

एक मराठी बायबल, ताडून पाहण्यास दुसरे भाषांतर, एक शब्दकोश, एक नकाशा आणि एक चांगली टीका एवढा संसार पुरे. कपाट भरण्यापेक्षा रोज एक अध्याय सर्वांनी मिळून वाचावा. आणि वाचताना सुनेने, लेकीने शंका काढली, तर तिला आधी बोलू द्यावे.