खरवस, कच्चे दूध आणि कत्तलखाना

खरवसासाठी चीक आणायला परवा इथल्या, म्हणजे मिशिगनमधल्या, ओळखीच्या गोठ्यावर गेलो होतो. मालकाने मुलांसाठी कच्च्या दुधाचा कॅनही भेट दिला. सौ. म्हणाली, "धारोष्ण आहे, तसंच देऊ या." माझे लक्ष मात्र गाईच्या कानातल्या बिल्ल्याकडे होते.

गाईचा क्षय बाहेरून बहुधा दिसत नाही. तो अनेकदा कत्तलखान्यातच पकडला जातो. तिथले सरकारी तपासनीस मानेतल्या, छातीतल्या लसिकाग्रंथी कापून पाहतात. संशयास्पद गाठ दिसली की नमुना आयोवातील एम्सच्या प्रयोगशाळेत जातो. क्षय निघाला तर बिल्ल्याच्या क्रमांकावरून मूळ गोठा शोधतात आणि उरलेल्या जनावरांची शेपटीपाशी त्वचा-चाचणी करतात. (प्रोग्रॅममधली चूक आम्हीही अशीच उलट माग काढत शोधतो!) अमेरिकेत ही क्षयविरोधी मोहीम १९१७ पासून चालू आहे. तरी आमच्या राज्याच्या ईशान्य भागात रानातल्या हरणांमुळे रोग टिकून आहे.

तेव्हा या तपासणीशी शाकाहारी मंडळींचाही संबंध आहेच. पण ती होते गाय कापल्यावर; दूध तोवर पिऊन झालेले असते. खरवस नीट वाफवला की जंतू मरतात, दूध मात्र उकळूनच द्यावे. घरी येताच कॅन पातेल्यात रिकामा केला. मुले सायीवरून भांडली.