दहा रुपयांचा ठिपका

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके लंडनला जाऊन आले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी मागवला, चित्रपट कसा करतात ते शिकून घेतलं. अडलं होतं ते पैशापाशी. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी हलती चित्रं पाहिली होती, पण ती इथे, आपल्या माणसांच्या हातून घडू शकतील यावर रुपया लावायची त्यांची तयारी नव्हती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा उभा केला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या एकाच कुंडीचं चित्रण केलं. त्यातून जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली. दाणा फुटतो, कोंब माती सारून वर येतो, पानं उलगडतात, वेल चढू लागतो. ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. निवडक मंडळींना ती दाखवली, आणि पाहणाऱ्यांपैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे कर्ज द्यायला तयार झाले. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

‘राजा हरिश्चंद्र’बद्दल आपण पुष्कळ बोलतो. मला त्याच्या आधीचं हे एक मिनिट फार मोठं वाटतं. नवा धंदा उभा करायचा आहे, समोरच्याला तो कळत नाही, तोंडी सांगून पटत नाही, तेव्हा एक छोटी हलती फिल्म करून दाखवायची. आज पुण्या-मुंबईतले कितीतरी स्टुडिओ कंपन्यांसाठी नेमकं हेच काम करतात. त्याला एक्सप्लेनर व्हिडिओ म्हणतात. साठ ते नव्वद सेकंदांचा, चित्रांचा, मागे एक आवाज.

वाटाण्याचा वेल आपल्या डोळ्यांदेखत वाढतो आणि तरीही त्याला वाढताना कोणी पाहिलेलं नसतं. त्याचे तंतू आधारासाठी हवेत चाचपडत गोल गोल फिरतात, पण इतक्या सावकाश की आपल्याला तो स्थिरच दिसतो. फाळक्यांनी महिना मिनिटात बसवला आणि नसलेली गोष्ट दिसू लागली. नाही, चुकीचा शब्द. गोष्ट होतीच, तिचा वेग आपल्या डोळ्यांच्या आवाक्यात आला.

आजच्या एक्सप्लेनरपुढे बहुतेक वेळा उलटा प्रश्न असतो. मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतली, क्यूआर कोड स्कॅन केला, दहा रुपये टाकले, पिन दाबला. भाजीवालीच्या गाळ्यावरचा स्पीकर दहा रुपये मिळाल्याचं सांगतो. दोन-तीन सेकंदांचा मामला. तेवढ्यात आत काय काय होतं? तुमच्या ॲपकडून विनंती एनपीसीआयकडे जाते. यूपीआय चालवणारी ही संस्था मुंबईतच आहे. भाजीवालीचा यूपीआय पत्ता कोणत्या बँकेतल्या कोणत्या खात्याशी जोडलेला आहे, हे ती आधी शोधून घेते. मग तुमच्या बँकेला सांगते, दहा रुपये वजा करा. तुमची बँक पिन तपासते, शिल्लक पाहते, रक्कम वजा करते, तसं कळवते. मग भाजीवालीच्या बँकेला निरोप जातो, दहा रुपये जमा करा. तीही झाल्याचं कळवते. त्यानंतर दोन्हीकडचे फोन बोलतात. हे सगळं समजावून सांगायला दीड मिनिट लागतं. म्हणजे फाळक्यांनी महिना आवळून मिनिटात आणला, आणि इथे क्षण ताणून दीड मिनिटाचा करायचा. काळ आवळणं नाहीतर ताणणं, या दोनच गोष्टींवर हा सगळा धंदा उभा आहे असं म्हटलं तरी चालेल.

फाळक्यांच्या वाटाण्याच्याच वर्षी, १९१२ मध्ये, माक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने एक निबंध छापला. त्याचे प्रयोग साधे होते. एक रेघ इथे चमकवायची, विझवायची, दुसरी जरा बाजूला चमकवायची. मधलं अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं ठेवलं तर माणसाला एकामागून एक अशा दोन वेगळ्या रेघा दिसतात. फारच कमी ठेवलं तर दोन्ही एकदम दिसतात. आणि सेकंदाच्या साधारण साठ सहस्रांशाच्या आसपास ठेवलं तर एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. सरकणारी रेघ कुठेच नव्हती. ती पाहणाऱ्याच्या मेंदूने घातली. ॲनिमेशन करणारा माणूस सेकंदाला चोवीस चौकटी देतो, पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटींना वापरून बाराच चित्रं देतो. नव्वद सेकंदांच्या व्हिडिओत २,१६० स्थिर चौकटी असतात आणि हालचाल त्यांतल्या एकाही चौकटीत नसते. ती प्रेक्षक स्वतः करतो, प्रत्येक जण स्वतःच्या डोक्यात, आणि त्याचा त्याला पत्ताही लागत नाही.

याच्याही पुढची गोष्ट १९४४ सालची. फ्रिट्झ हायडर आणि मारियाने झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि उघडझाप होणारं दार असलेला एक चौकोन, एवढंच. चेहरे नाहीत, आवाज नाही. चौतीस विद्यार्थिनींना ती दाखवून काय पाहिलं ते लिहायला सांगितलं. त्यांच्यापैकी फक्त एकीने भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांनी गोष्टी लिहिल्या: मोठा त्रिकोण दांडगट आहे, छोटा शूर आहे, वर्तुळ घाबरलंय, ते पळून जातंय. ही फिल्म आज पाहिली तरी तेच होतं. मन कितीही आवरलं तरी मोठ्या त्रिकोणाचा राग येतो.

कंपन्यांना या माध्यमाची ओढ का वाटते, ते इथे कळतं. गोष्ट प्रेक्षक स्वतःच रचतो, म्हणून कागदाच्या तुकड्यांनीही काम भागतं. सिॲटलच्या ली आणि साची लेफिव्हर या जोडप्याने २००७ पासून पांढऱ्या पाटीवर कागदी कात्रणं हाताने सरकवत इंटरनेटवरच्या अवघड गोष्टी समजावल्या, आणि ड्रॉपबॉक्सने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचाच व्हिडिओ ठेवला. आपल्याकडे हे काम त्याच्या खूप आधी सरकारने केलं होतं. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन या ॲनिमेटरांची पिढी तयार झाली. तिथली १९६१ ची ‘धिस अवर इंडिया’ ही फिल्म मिनू मसानींच्या पुस्तकावर बेतलेली, देशाची शेती, लोकसंख्या, साधनसंपत्ती चित्रांतून मांडणारी. विकायचं काही नव्हतं, समजवायचं मात्र खूप होतं.

आता आपला दहा रुपयांचा व्हिडिओ करायला घेऊ. समजा एका पेमेंट ॲपच्या कंपनीने काम दिलंय. सुरुवात चित्रांनी होत नाही, शब्दांनी होते. आधी स्क्रिप्ट लिहायची, मोठ्याने वाचायची, घड्याळ लावायचं. स्क्रिप्ट इंग्रजीतून आलेली असेल तर मराठी भाषांतर बहुतेकदा वेळेत बसत नाही, आणि तेव्हा आवाज देणाऱ्याला भरभर वाचायला लावण्यासारखी वाईट गोष्ट नाही. वाक्य मराठीतच नव्याने लिहावं. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं एक ओबडधोबड चित्र. मग ॲनिमॅटिक: तीच ओबडधोबड चित्रं कच्च्या आवाजावर लावून पाहायची. खरी फिल्म इथेच होते किंवा बिघडते. एखाद्या वाक्याला चित्रच सापडत नाही असं इथे दिसलं, तर बहुधा ते वाक्यच पोकळ असतं.

एक शॉट जवळून पाहू. तुमच्या फोनमधून एक पिवळा ठिपका निघतो आणि भाजीवालीच्या फोनपर्यंत जातो. कीफ्रेम दोन: निघण्याची जागा, पोचण्याची जागा. मधल्या चौकटी संगणक भरतो. पण तो सगळीकडे सारखाच वेग देतो, आणि तसा ठिपका निर्जीव वाटतो. जगात कुठलीच वस्तू एका क्षणात पूर्ण वेग धरत नाही आणि एका क्षणात थांबत नाही. म्हणून ॲनिमेटर वेगाचा आलेख उघडतो आणि रेषेची दोन्ही टोकं हळूहळू वाकवतो. या वाकणाऱ्या रेषांचं गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलं. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी ते गाडीच्या पत्र्याला हवा तसा डौल देण्यासाठी बसवलं. आता तोच डौल ठिपक्याच्या चालीला मिळतो. निघण्याआधी चार चौकटी ठिपका किंचित मागे दबतो. तेवढ्यावर प्रेक्षकाला वाटतं, हा निघायच्या तयारीत आहे. शेवटी तो जरा पुढे जाऊन मागे येऊन स्थिरावतो, आणि वाटतं, पोचला एकदाचा.

इथेच हात थांबवावा लागतो, कारण शॉट सुंदर झाला आणि खोटा झाला. दहा रुपये कुठेही प्रवास करत नाहीत. एका बँकेच्या वहीत एक आकडा कमी होतो, दुसऱ्या बँकेच्या वहीत एक वाढतो. बँकांनी आपापसात खरे पैसे चुकते करणं नंतर, ठरलेल्या फेऱ्यांमध्ये, गोळाबेरीज करून होतं. निरोप प्रवास करतो, पैसा नाही. ठिपका पिवळा, नाण्यासारखा काढला तर पाहणाऱ्याच्या डोक्यात चुकीचं यंत्र कायमचं बसतं, आणि त्या यंत्रात मध्येच कुठेतरी पैसे ‘अडकतात’, ‘गळतात’. ठिपक्याऐवजी चिठ्ठी काढली, आणि दोन्ही टोकांना आकडे बदलताना दाखवले, तर तेवढ्याच सेकंदांत खरं सांगता येतं.

बार्बरा ट्वर्स्की आणि तिच्या दोन सहकारी संशोधकांनी २००२ मध्ये ॲनिमेशनवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. हलतं चित्र स्थिर चित्रापेक्षा चांगलं शिकवतं, हे त्यांना सहजी सिद्ध होताना दिसलं नाही. जिथे ते वरचढ ठरलं होतं तिथे बऱ्याचदा त्यात जास्तीची माहितीही होती. आणि कित्येक ॲनिमेशनं इतकी भरभर आणि एकाच वेळी इतकं काही हलवणारी होती की डोळ्यांना काहीच नीट पकडता येत नव्हतं. या माध्यमावर जीव असलेल्या माणसाने हा आढावा वाचलाच पाहिजे. हालचाल हे विधान आहे. चिठ्ठी हलली म्हणजे निरोप गेला. तिच्यामागे ढग, पानं, पार्श्वभूमीवरचे ठिपके उगीचच हलत असतील तर तीही विधानं होतात, आणि प्रेक्षक त्यांचेही अर्थ लावत बसतो. हायडर आणि झिमेलच्या त्रिकोणांनी दाखवलंच आहे, अर्थ लावणं त्याला थांबवता येत नाही.

मराठीत काम करताना एक अडचण वेगळी येते. पडद्यावर शब्द एकेक अक्षर उमटत यावा असं कंपनीला हवं असतं. समजा शब्द आहे ‘विश्वास’. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी निवडलेली नसेल, तर ते टंकलेल्या खुणांनाच अक्षरं समजतं. मग वेलांटी ‘व’च्या नंतर एकटीच लटकते, ‘श्व’ फुटून पाय मोडलेला ‘श्’ आणि सुटा ‘व’ दिसतो. मांडणी नीट केली तरी उमटण्याचा क्रम हाताने तपासावा लागतो, कारण आपण वाचतो ‘वि’, ‘श्वा’, ‘स’ असे तीन तुकडे. सोपा उपाय म्हणजे शब्द अख्खा आणणं. निगुतीचा उपाय म्हणजे तीन आकार वेगळे काढून, एकेक हलवणं. वेळ जातो, पण त्या शब्दावर भरोसा ठेवायला आपण लोकांना सांगत असू तर तो मोडका उमटून कसं चालेल?

शेवटचा एक शॉट, आणि माझ्या मते या व्हिडिओतला सगळ्यात गरजेचा. यूपीआयच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीत एक चाल नेहमीची आहे: ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, घ्यायला पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे जायला. हे लेखी सूचनेत कितीदा तरी सांगून झालंय, आणि माणसं तरीही फसतात, कारण घाईत, फोनवर कोणी गोड बोलत असताना, सूचना आठवत नाही. चित्रात हे असं करता येईल. आपल्या खात्याला दोन दारं. बाहेर जाणाऱ्या दाराला कुलूप, पिन टाकला की ते उघडतं. आत येणाऱ्या दाराला कुलूपच नाही, चिठ्ठी आली की नुसतं ढकलून आत. पूर्ण व्हिडिओत जेव्हा जेव्हा रक्कम जमा होते तेव्हा तेव्हा हेच दार, हीच हालचाल, त्याच वेगाने. तीन-चारदा पाहिल्यावर डोळ्यांना ती चाल पाठ होते, आणि मग कोणी फोनवर ‘घ्यायला पिन टाका’ म्हटलं की आत येणाऱ्या दारावर कुलूप दिसायला लागेल, ते चमत्कारिक वाटेल. याला दहा-बारा सेकंद लागतात. कंपनी म्हणेल, व्हिडिओ लांबतोय, फसवणुकीचा विषय जाहिरातीत नको. तेव्हा भांडून ते दार ठेवून घ्यावं, आणि सेकंद कमी करायचेच असतील तर सुरुवातीला फिरत फिरत येणारा लोगो काढून टाकावा.