कर्करोग उलटण्याचे भय

कर्करोगाचे निदान झाले म्हणजे घरात धावपळ सुरू होते. शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार, रक्ताच्या तपासण्या, पैशांची जुळवाजुळव यांत सहा-आठ महिने कसे निघून गेले ते कळत नाही. पुढे एके दिवशी डॉक्टर सांगतात, 'उपचार पुरे झाले, आता तीन महिन्यांनी या.' घरची मंडळी देवापुढे साखर ठेवतात, शेजारीपाजारी आनंद व्यक्त करतात. रोग्याच्या मनात मात्र नेमका याच दिवशी एक प्रश्न येऊन बसतो : दुखणे उलटले तर? प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच प्रश्न आहे. कर्करोग कसा ओळखावा व त्यावर कोणते उपचार करावेत यांविषयी पुष्कळ बोलले जाते. उपचार संपल्यावर माणसाने कसे राहावे याविषयी त्या मानाने फारच थोडे.

हे भय म्हणजे दुबळ्या मनाचे लक्षण आहे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. उपचार चालू असतात तोवर रोगी रोगाविरुद्ध काही ना काही करीत असतो. निदान तसे त्याला वाटत असते. उपचार थांबले की करण्यासारखे काही उरले नाही असे वाटू लागते, आणि रिकाम्या मनात शंका शिरते. फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टरांना वयाच्या ३२ व्या वर्षी छातीत कर्करोगाची गाठ निघाली. त्यातून बरे झाल्यावर १९८५ साली त्यांनी एक लेख लिहिला. 'बरा झाला' आणि 'गेला' असे रोग्यांचे दोनच वर्ग करण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. त्यांनी रोग्याच्या आयुष्याचे तीन ऋतू कल्पिले : पहिला निदानाचा व उपचारांचा, दुसरा उपचार संपल्यावर वाट पाहण्याचा, आणि तिसरा, रोग परतण्याचा संभव पुष्कळ ओसरल्यानंतरचा. यांपैकी दुसऱ्या ऋतूवर भयाचा अंमल असतो, असे त्यांनी स्वानुभवाने सांगितले. आपणांस येथे या दुसऱ्या ऋतूचाच विचार करावयाचा आहे.

कर्करोग उलटतो म्हणजे नेमके काय होते? शस्त्रक्रियेने गाठ निघते. परंतु तिच्यातून सुटलेल्या काही पेशी शरीरात अन्यत्र दडून राहिलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही यंत्राला दिसत नाहीत, आणि कित्येकदा वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. १८८९ साली लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि असा सिद्धान्त मांडला की, बी सर्व दिशांना उडाले तरी ते रुजते फक्त मानवणाऱ्या जमिनीतच. म्हणूनच निसटलेली प्रत्येक पेशी नवी गाठ उत्पन्न करीत नाही. बहुतेक मरून जातात. काही थोड्या तग धरतात, आणि त्यांतून पुढे कधी त्याच जागी, कधी जवळच्या लसीकाग्रंथींत, तर कधी हाड, फुप्फुस, यकृत यांसारख्या दूरच्या अवयवांत रोग पुन्हा डोके वर काढतो.

शस्त्रक्रियेत गाठ निघाल्यावर पुन्हा केमो वा किरणोपचार कशासाठी, असे पुष्कळांना वाटते. त्याचे उत्तर यातच आहे. हे सर्व उपचार दडलेल्या पेशींसाठीच असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील रोग्यांवर एक मोठा प्रयोग केला. मानेत गाठ हाताला लागत नसतानाही तेथील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा प्रश्न होता. २०१५ साली ५०० रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी शेकडा ८० तीन वर्षांनी हयात होते, थांबलेल्यांपैकी शेकडा ६७.५. तात्पर्य, उलटण्याविरुद्धची लढाई उपचार संपल्यावर सुरू होत नाही. तिचा मोठा भाग तोवर लढून झालेला असतो. भयाने ग्रासलेल्या माणसाला याचाच विसर पडतो.

आता काळाचा विचार करू. 'पाच वर्षे गेली की सुटलो' हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. त्यात तथ्य आहे, पण ते सर्व कर्करोगांना सारखे लागू पडत नाही. तोंडाचा कर्करोग उलटायचा असला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही बव्हंशी तसेच आहे. स्तनाच्या कर्करोगात मात्र दोन जाती स्पष्ट दिसतात. संप्रेरकांवर न पोसणाऱ्या जातीचा धोका पहिल्या काही वर्षांत अधिक असतो व पाच वर्षांनंतर पुष्कळ खाली येतो. संप्रेरकांवर पोसणाऱ्या जातीचा धोका दर वर्षी थोडा, पण दीर्घकाळ राहतो. सुमारे ६३ हजार स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो वीस वर्षांपर्यंत दिसून आला. म्हणून प्रत्येक रोग्याने आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे : माझ्या रोगाची जात कोणती, धोका किती आणि तो कोणत्या वर्षांत अधिक? संदिग्ध भयापेक्षा निश्चित उत्तर, ते फारसे गोड नसले तरी, सोसायला सोपे जाते.

भयाने माणसे दोन वाटांपैकी एक धरतात. काही जण दर महिन्याला कुठली ना कुठली तपासणी करून घेतात; काही जण 'नको ते ऐकायलाच' म्हणून फेरतपासणीला जाण्याचेच टाळतात. दोन्ही वाटा घातक आहेत. पहिल्या वाटेविषयी चांगला पुरावा उपलब्ध आहे. इटलीत स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पुरे झालेल्या स्त्रियांवर दोन प्रयोग झाले व त्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात १३२० आणि दुसऱ्यात १२४३ स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राम एवढेच झाले; दुसऱ्या गटाची त्याशिवाय हाडांची, छातीची वगैरे चित्रे वारंवार घेण्यात आली. आयुर्मानात काहीच फरक पडला नाही. स्त्रीबीजकोशाच्या कर्करोगात रक्तातील एका पदार्थाचे प्रमाण लक्षणांच्या कित्येक महिने आधी वाढते. ते वाढताच उपचार सुरू करून पाहिले, तेव्हा आयुष्य लांबले नाही. उलट त्रासाचे दिवस मात्र लवकर सुरू झाले, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. याउलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्ततपासणी व सीटी स्कॅन यांमुळे पुन्हा शस्त्रक्रियेने काढता येईल अशा अवस्थेत रोग अधिक वेळा सापडतो. सारांश, कोणती तपासणी उपयोगाची हे रोगाच्या जातीवर अवलंबून आहे, रोग्याच्या धास्तीवर नाही.

नको असलेल्या तपासणीचा आणखी एक तोटा आहे. आपल्या देशात पूर्वी होऊन गेलेल्या क्षयाचे व्रण पुष्कळांच्या फुप्फुसांत असतात. स्कॅनमध्ये असा एखादा ठिपका दिसला की पुन्हा स्कॅन, पुन्हा सुई घालून तुकडा, आणि अहवाल हाती येईपर्यंत घरादाराची झोप जाते. दुसऱ्या वाटेचा, म्हणजे फेरतपासणी चुकवण्याचा, तोटा उघडच आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर सामान्यतः पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी, व दर वर्षी मॅमोग्राम, असा क्रम सांगितला जातो. नांदेड-जळगावच्या रोग्याला प्रत्येक वेळी मुंबई गाठणे परवडत नसेल, तर त्याने गप्प न बसता तसे सांगावे. मधल्या काही तपासण्या जवळच्या जाणत्या डॉक्टरांकडे होऊ शकतील काय, हे विचारण्यात काहीच गैर नाही. मात्र फाईल सदैव जवळ असावी.

रोग्याच्या हाती काहीच नाही, हेही खरे नव्हे. संप्रेरकांवर पोसणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच वर्षे घ्यावी लागते, क्वचित अधिकही. या गोळीने पहिल्या पाच वर्षांतील उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. तरीही 'आता बरे वाटते' म्हणून ती मध्येच सोडणारे अनेक असतात. तोंडाच्या कर्करोगातून उठलेल्याने तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी यांना पुन्हा स्पर्श करू नये. १९५३ साली स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अशा तोंडातील गाठीभोवतीचे, वरकरणी निरोगी दिसणारे अस्तरही बिघडलेले असते. तेथे जुना रोग न उलटताही दुसरा नवा कर्करोग उद्भवू शकतो. व्यायामाबाबत तर २०२५ साली फार महत्त्वाचा निष्कर्ष हाती आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमो झालेल्या ८८९ रोग्यांपैकी निम्म्यांना तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम करावयास लावले. बहुतेकांना आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालणे पुरे होण्यासारखे होते. पाच वर्षांनी त्यांच्यापैकी शेकडा ८०.३ रोगमुक्त होते. दुसऱ्या गटात, ज्यांना केवळ आरोग्यविषयक पुस्तिका दिली होती, त्यांत ७३.९.

आता मनाविषयी. 'मन प्रसन्न ठेव, काळजी केलीस तर दुखणे उलटेल,' असे आप्तेष्ट प्रेमाने सांगतात. त्याचा परिणाम असा होतो की, रोग्याला भयाचेही भय वाटू लागते. आणि खरोखर रोग परतलाच तर तो स्वतःलाच दोष देतो. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १०९३ रोग्यांच्या पाहणीत (२००७) मनःस्थिती चांगली की वाईट याचा आयुर्मानाशी काही संबंध दिसला नाही. तेव्हा चिंता केल्याने रोग ओढवून घेतला, असे कोणी कोणास म्हणू नये. चिंता कमी करावयाची ती जगणे सुसह्य व्हावे म्हणून. तसे करता येते, हेही सिद्ध झाले आहे. ऑस्ट्रेलियात २२२ जणांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानसोपचारतज्ज्ञांबरोबरच्या पाच बैठकींनी हे भय लक्षणीय प्रमाणात उतरले. भय मनातून हाकलून लावण्याचा हट्ट तेथे धरला नव्हता. शंका आली तरी तिच्यामागे न धावणे, लक्ष दुसरीकडे वळवण्याची सवय लावणे, फेरतपासणी कशाची व केव्हा हे नीट समजून घेणे आणि आपल्याला मोलाची वाटणारी कामे पुन्हा हाती घेणे, एवढेच तेथे शिकवले गेले.

यावरून घरी पाळता येईल असा एक साधा नियम सांगता येतो. उपचार संपतानाच डॉक्टरांकडून आपल्या रोगाची लक्षात ठेवण्याजोगी लक्षणे लिहून घ्यावीत. स्तनाच्या कर्करोगात ती साधारण अशी : व्रणाजवळ, काखेत किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ, रात्रीही न थांबणारे हाडाचे दुखणे, न हटणारा कोरडा खोकला वा दम, कावीळ, वाढत जाणारी डोकेदुखी. नवे काही जाणवले तर वहीत तारीख टाकावी. सर्दी, उसण, दगदगीने आलेले दुखणे बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते. दोन आठवडे टिकले किंवा वाढत गेले, तर पुढील नेमलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. पायांतील शक्ती एकाएकी जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, झटके येणे, श्वास कोंडणे यांसाठी मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. असा नियम ठरला म्हणजे प्रत्येक दुखऱ्या सांध्याचा अर्थ रोज नव्याने लावीत बसावे लागत नाही. फेरतपासणीच्या आधीचे चार दिवस तरीही जड जातील. ते तसेच जावयाचे, हे धरून चालावे आणि त्या दिवसांत मोठे निर्णय ठेवू नयेत. याउपर झोप उडाली, जेवण तुटले, कामात मन लागेनासे झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

घरच्या मंडळींनीही एक पथ्य पाळावे. रोग्याने हा विषय काढला की 'असे अभद्र बोलू नये' म्हणून त्याचे तोंड बंद केले जाते. त्याने भय जात नाही. ते फक्त एकट्याने वाहावे लागते. पाच मिनिटे नीट ऐकून घ्यावे, 'मलाही तीच काळजी आहे' असे कबूल करावे, तपासणीला बरोबर जावे. सल्ल्यापेक्षा या सोबतीची गरज अधिक असते.

शेवटी, ज्या गोष्टीचे नावही कोणी काढू इच्छीत नाही ती. रोग खरोखरच उलटला तर? त्याच जागी वा जवळपास परतलेला रोग कित्येकदा पुन्हा काढता येतो व बराही होतो. दूरच्या अवयवांत गेलेला बहुधा समूळ जात नाही. परंतु स्तनाच्या कर्करोगासारख्या काही रोगांत तो औषधांनी वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवता येतो, आणि वेदना शमवण्याचे उपाय तर प्रत्येक अवस्थेत आहेत. हे उत्तर आधीच ठाऊक असणे हितावह असते. रोग पुन्हा येणार नाही अशी हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही, आणि तशी हमी मिळेपर्यंत जगणे थांबवून ठेवता येत नाही. फेरतपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मधले दिवस मुलांच्या शाळेला, शेताला, दुकानाला आणि आपल्या माणसांना द्यावेत.