घंटा मौन धरतात तेव्हा

रात्री देवळात शेजारती होते, देवाला निजवले जाते, गाभाऱ्याचे दार लोटले जाते आणि भक्त पावलांचा आवाज न करता घरी परततो. आषाढीच्या यात्रेत पंढरपुरी विठुरायाचा पलंग काढून ठेवतात. देव अहोरात्र भक्तांसाठी उभा राहतो. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण उतरवला जातो आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. देवाने विसावावे आणि त्या विसाव्याने भक्ताचेही मन निवावे, ही भावना आपल्या घरांना परकी नाही. म्हणूनच ख्रिस्ती बांधवांच्या ईस्टरच्या निमित्ताने, त्या सणाच्या आदल्या दिवसाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. शुक्रवारी येशू ख्रिस्तांना क्रूसावर मृत्यू आला आणि रविवारी पहाटे ते मृत्यूतून उठले, ही ख्रिस्ती श्रद्धा. शुक्रवारचा शोक आपण ऐकून आहोत, रविवारचा आनंदही आपल्याला ठाऊक आहे. या दोहोंमधला शनिवार मात्र रिकामा आहे. त्या दिवशी काहीच घडत नाही.

रिकामी वेदी

काही वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी दुपारी आम्ही वसई परिसरातील एका चर्चमध्ये गेलो होतो. बाहेर नारळीच्या झावळ्या उन्हात निश्चल होत्या. आत वेदीवर वस्त्र नव्हते, फुले नव्हती, दिवा नव्हता. रोमन कॅथलिक परंपरेत गुरुवारच्या सायंकाळच्या उपासनेत घंटा वाजतात आणि नंतर मौन धरतात. मधल्या काळात गरज पडलीच तर लाकडी फळ्यांचा कोरडा खडखडाट तेवढा होतो. शनिवारी रात्रीच्या जागरणविधीपर्यंत मिस्साही होत नाही. मागच्या बाकावर एक वृद्ध बाई नुसत्या बसल्या होत्या. हातात जपमाळ होती, पण बोटे थांबलेली. “आजी, आज प्रार्थना नाही का?” आम्ही हळूच विचारले. “आज वाट बघायची, बाबा,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा रिकाम्या वेदीकडे पाहू लागल्या.

त्या उत्तराचा अर्थ आम्हांला घरी येऊन शुभवर्तमान उघडल्यावर उमगला.

शुक्रवारी संध्याकाळी येशूंचा देह घाईघाईने कबरेत ठेवावा लागला, कारण सूर्यास्ताबरोबर यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होणार होता. गालीलाहून त्यांच्यामागे आलेल्या स्त्रियांनी कबर पाहून ठेवली. लूक सांगतो की, त्यांनी घरी जाऊन सुगंधी द्रव्ये सिद्ध केली आणि मग आज्ञेप्रमाणे शब्बाथाच्या दिवशी विसावा घेतला. केवढे दुःख, आणि कर्तव्य किती अपुरे! गुरूच्या देहाला शेवटचे लेपनही झालेले नाही, द्रव्ये तयार आहेत, हात आसुसले आहेत. तरी त्या थांबल्या.

काम संपवून विसावा घेणे सोपे असते. काम उरलेले असताना, मन पेटलेले असताना देवाच्या शब्दाखातर हात आवरणे ही तपश्चर्या आहे.

पुढची कथा मार्क सांगतो. रविवारी पहाटे त्या स्त्रिया कबरेकडे निघाल्या तेव्हा वाटेत त्यांना एकच चिंता होती: दारावरचा तो मोठा दगड आपल्यासाठी कोण लोटणार? जाऊन पाहतात तो दगड आधीच बाजूला झालेला! जे त्यांच्या बळाबाहेरचे होते ते त्यांच्या धडपडीवाचून घडून गेले होते. ख्रिस्ती जीवनात विसाव्याला जे मोल आहे ते यासाठी. विसावा घेणारा माणूस जणू म्हणत असतो की, हे जग माझ्या धावपळीवर उभे नाही.

चुलीलाही सुट्टी

या विसाव्याचे मूळ फार जुने आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात देव सहा दिवसांत सृष्टी रचतो आणि सातव्या दिवशी विसावतो. मानव सहाव्या दिवशी निर्माण झाला; म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस हा विश्रांतीचाच होता! आधी विसावा, मग श्रम, असा तो क्रम. दिवसाची गणनाही तेथे संध्याकाळपासून होते. माणूस निजतो तेव्हा त्याचा दिवस सुरू होतो.

इस्राएल लोक रानातून चालले असता त्यांना आकाशातून ‘मान्ना’ नावाचे अन्न मिळे, ही कथा प्रसिद्ध आहे. साठवले तर ते नासे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि सातव्या दिवसापर्यंत टिके. शब्बाथाच्या दिवशी घरात विस्तव पेटवायचा नाही, असाही दंडक होता. शिळासप्तमीला आदल्या दिवशीचे अन्न खाऊन चुलीला विसावा देणाऱ्या आपल्या माउलींना त्यातील मर्म वेगळे सांगायला नको.

आणि हा विसावा एकट्या धन्यासाठी नव्हता. दास, दासी, परका पाहुणा, बैल, गाढव या सर्वांना तो मिळालाच पाहिजे, अशी आज्ञा होती. तुम्हीही एके काळी मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका, असे कारण तिला जोडलेले होते. पोळ्याला बैलाच्या मानेवरचे जू उतरवणारा आपला शेतकरी हीच करुणा जाणतो. येशूंच्या पुनरुत्थानामुळे ख्रिस्ती समाजाने रविवार पवित्र मानला आणि इ. स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने त्या दिवशी विश्रांतीचा कायदा केला. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र ती सुट्टी १८९० पर्यंत मिळाली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती झगडून मिळवली, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही त्यांनी कारण दिले, असे सांगतात. दोन श्रद्धांची वाट एकाच वारापाशी येऊन मिळाली!

विसावा की आळस?

येशूंच्या चरित्रात हा विसावा पदोपदी दिसतो. तलावात वादळ उठले, नाव पाण्याने भरू लागली, शिष्य हवालदिल झाले, तेव्हा ते उशीवर डोके ठेवून निजले होते. लोकांच्या वर्दळीत जेवायलाही सवड मिळेना तेव्हा त्यांनी शिष्यांना एकांती येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. पण लोक तेथेही पोचले, आणि त्यांना पाहून त्यांचा कळवळा दाटून आला. शब्बाथाच्या दिवशी त्यांनी रोगी बरे केले, त्याबद्दल दूषणेही सोसली. दुसऱ्याच्या वेदनेकडे पाठ फिरवणारी स्वस्थता त्यांना कधीच मान्य नव्हती.

बेथानीच्या मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट आपल्या घरांत विशेष समजेल. येशू घरी आले. मरीया त्यांच्या चरणांशी बसून ऐकत राहिली आणि मार्था एकटी पाहुणचारात दमली. तिने तक्रार केली तेव्हा येशूंनी तिच्या श्रमांची हेटाळणी केली नाही. तिच्या मनाची ओढाताण दाखवून दिली. सणावारी नैवेद्याच्या धांदलीत देवाकडे क्षणभर पाहायचे राहून गेले, ही चुटपूट कोणत्या गृहिणीला लागली नसेल?

पुढे तिसऱ्या-चौथ्या शतकांत अंतोनी आणि त्यांच्यासारखे साधक मिसरच्या वाळवंटात गेले. अंतःकरणाच्या निश्चलतेला ग्रीक भाषेत ‘हेसिखिया’ म्हणतात. तीच त्यांनी साधना मानली. त्यांच्यापैकी इवाग्रिअस याने एक सावधगिरीही सांगितली. भर दुपारी साधकाला ग्रासणारी मरगळ त्याने मोठा शत्रू मानली. आपल्याकडे सत्त्व आणि तम यांत केला जातो तसाच हा विवेक आहे. मरगळ माणसाला प्रार्थनेपासून दूर नेते, निश्चलता त्याला प्रार्थनेत स्थिर करते. जॅक विन्स्लो यांनी उभारलेल्या आणि १९२७ मध्ये पुण्यात स्थिरावलेल्या आश्रमाने तर ख्रिस्ती साधनेला आपल्याच मातीतील आश्रमजीवनाचा साज दिला.

दीप उजळण्याआधी

शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटतो. त्यावर एक मोठी मेणबत्ती उजळते, तिच्यावरून शेकडो ज्योती लागतात आणि मुक्या घंटा पुन्हा बोलू लागतात. ज्यांनी ते मौन पाळले, त्यांच्याच कानांना त्या नादाची खरी गोडी कळते.

घरोघरी कामे अपुरीच असतात. मुलीचे लग्न ठरायचे असते, दुखणेकऱ्याची काळजी असते, उद्याचा स्वयंपाक असतो. प्रत्येकाच्या वाटेवर एखादा दगड असतोच. तरी एखाद्या सांजवेळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर, उरलेले काम उरलेलेच ठेवून, दोन घटका नुसते बसावे. आज वाट बघायची, असे त्या आजी म्हणाल्या होत्या. दगड कोण लोटणार, ही चिंता तेवढा वेळ ज्याची त्याच्यावर सोपवावी.