पणजीचा फोटो, हाताने केलेले भेटकार्ड

ठाणे–बेलापूर रस्त्यालगतचे पावणे हे मूळचे गाव. आता त्याला एमआयडीसीच्या कारखान्यांचा वेढा आहे. पण इथे काय किंवा कुठल्याही मराठी घरात काय, जुनी ट्रंक उघडली की एखादा तरी फोटो निघतोच: स्टुडिओतल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली, नऊवारी नेसलेली, नथ घातलेली कुणाची तरी पणजी. विकत मिळणाऱ्या ‘व्हिंटेज’ चित्रांत बहुधा टोपी-छत्रीतल्या युरोपीय स्त्रिया असतात. डोहाळजेवणाच्या किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या कार्डावर मात्र आपली पणजीच शोभते.

फोटो कोणाचा?

पहिला मान घरच्या फोटोला. तो नसेल तर सार्वजनिक संग्रहातला घ्यावा. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा 10 ऑक्टोबर 1885 चा फोटो प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियन पोशाखातल्या साबात इस्लामबुली अशा तिघी त्यात बसल्या आहेत. डॉक्टर झालेल्या भाचीला याहून चांगले कार्ड मला सुचत नाही. बालगंधर्वांचे स्त्रीवेषातले फोटोही सुंदर आहेत. त्यांच्या साड्या-दागिन्यांचे अनुकरण तेव्हाच्या घरंदाज बायका करत.

भारतात छायाचित्रावरचा स्वामित्वहक्क आता साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. विक्रीसाठी कार्डे करणार असाल तर हे पाहून घ्या. दुसऱ्या घरातला फोटो असेल तर त्या घरच्यांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मूळ फोटोला कात्री नाही

मूळ प्रत 600 डीपीआयवर स्कॅन करून परत ट्रंकेत ठेवावी. पिवळसर तपकिरी छटा तशीच राहू द्या; ती जुन्या कागदाची आणि रसायनांची खूण आहे. चेहरा संगणकावर गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. देवीचे व्रण, कपाळावरचे गोंदण पुसले की ती बाई ती उरत नाही.

छपाई मॅट कागदावर, शक्यतो लेझर प्रिंटरवर करा. साध्या इंकजेटची शाई ओल्या गोंदाने फुटते.

कागद आणि घडी

300 जीएसएमचा ए4 कागद मधोमध दुमडला की 148 × 210 मिमीचे कार्ड होते. जुन्या स्टुडिओंचे ‘कॅबिनेट’ फोटो साधारण 108 × 165 मिमीचे असत. म्हणजे तो फोटो मूळ आकारातच छापला तरी चारी बाजूंना दोन सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते. पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांपासून केलेला कागद मिळाला तर उत्तमच.

जाड कागद थेट दुमडला की घडीवर तडकतो. त्याआधी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी. छापखान्यात याला क्रीझिंग म्हणतात.

सजावट

चित्रावर कापड चढवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवींच्या छापील चित्रांना लोक घरी जरी, कापड, टिकल्या, मणी लावून सजवत. कार्डालाही हेच करायचे, फक्त हात जरा आखडता ठेवून.

शिंप्याकडे उरलेल्या खणाची बोटभर पट्टी डाव्या कडेला लावा किंवा विरलेल्या पैठणीचा काठ खाली लावा. फोटोतल्या नथीवर एखादा बारीक मोती चालतो. सगळे दागिने चमकवले तर नजर चेहऱ्यावर ठरत नाही. रंग भरायचा तर ओठ, कुंकू आणि पदराची कड यांवर रंगीत पेन्सिल हलकी फिरवावी. जुने स्टुडिओही कृष्णधवल फोटो हाताने रंगवत.

फोटो दुहेरी टेपने चिकटवा. कापडाला फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर पुरतो; मग कार्ड रात्रभर जड पुस्तकाखाली दाबून ठेवा.

लेस आणि काठ मंगळदास मार्केटात, कागद अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळतो. पावण्याहून निघणाऱ्याने तुर्भे किंवा कोपरखैरणेहून वाशी गाठावी आणि हार्बरने मशीद स्थानकावर उतरावे.

मागची बाजू

मागे तिचे नाव लिहा. माहेरचे माहीत असेल तर तेही. गाव, अंदाजे साल आणि फोटो कुठल्या प्रसंगाचा हेही लिहा. माहिती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून आधीच घ्यावी.

टपालाने पाठवताना वजन करून घ्या. 300 जीएसएमचा नुसता ए4 कागदच 18-19 ग्रॅम भरतो. फोटो, खण आणि पाकीट धरून 20 ग्रॅमचा टप्पा ओलांडला जातो आणि तिकीट जास्त लागते. मोती लावला असेल तर वर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, नाहीतर टपालाच्या शिक्क्याखाली तो फुटतो.